हिमयुगात मांजराकाठी काय होतं?

हिमयुग म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर केसाळ हत्ती आणि बर्फाचे डोंगर उभे राहतात. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "आपल्या बिदरला तेव्हा बर्फ होता का?" भालकी, औराद, आळंदकडच्या मुलांनी मला हे अनेकदा विचारलं आहे. उत्तर "नाही" असं आहे. पण का नाही, हे समजून घेण्यातच खरी गंमत आहे.

हिमनदी व्हायला नुसती थंडी पुरत नाही. हिवाळ्यात पडलेलं हिम उन्हाळ्यातही थोडं शिल्लक राहावं लागतं. वर्षानुवर्षं थर साचले की खालच्या हिमातली हवा दाबाने निघून जाते, त्याचा घट्ट बर्फ होतो आणि तो स्वतःच्याच वजनाने उतारावर सरकू लागतो.

आता हिशेब करू. शेवटच्या हिमयुगाचा कडाका सुमारे २०,००० वर्षांपूर्वी होता. पृथ्वीचं सरासरी तापमान आजच्यापेक्षा ५-६ अंशांनी कमी होतं. एक किलोमीटर वर चढलं की तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. म्हणजे हिमरेषा जेमतेम एक किलोमीटर खाली आली असणार. हिमालयात आज ती ५,००० मीटरच्या आसपास आहे, आणि आपलं कळसूबाई अवघं १,६४६ मीटर! बिदर तर त्याच्या निम्म्याहूनही ठेंगणं.

मग इथे काय बदललं? पाऊस. समुद्र थंडावला, बाष्प घटलं, मान्सून अशक्त झाला. हिमालयाच्या काही भागांत तर थंडीच्या कडाक्यापेक्षा त्याआधीच्या ओल्या काळात हिमनद्या जास्त लांब होत्या, कारण त्यांना हिम पुरवणाराही मान्सूनच.

याच्या खुणा आपल्या आसपास आहेत. जळगाव जिल्ह्यात पाटणे इथे शहामृगाच्या अंड्यांची सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची कवचं मिळाली, एकावर नक्षीसुद्धा कोरलेली. शहामृग हा कोरड्या माळरानाचा पक्षी. उलट, मांजरा खोऱ्यात लातूरकडच्या जुन्या गाळात हत्ती आणि पाणघोड्यांचे जीवाश्म सापडले आहेत. पाणघोड्याला बारमाही डोह लागतो. म्हणजे याच नदीने सुबत्ताही पाहिली. जुन्या गुलबर्गा जिल्ह्यातल्या, आता यादगीरमधल्या हुणसगी खोऱ्यात त्याहूनही कितीतरी आधीचा माणूस दगडी हत्यारं घेऊन राहत होता. डेक्कन कॉलेजचे प्रा. के. पद्दय्या यांनी तिथे अनेक वर्षं संशोधन केलं. या खोऱ्यातले झरे उन्हाळ्यातही वाहत, तोच त्याचा आधार.

खरी हिमनदी पाहायचीच असेल तर ३० कोटी वर्षं मागे जावं लागेल. तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाजवळ होता. चंद्रपूरजवळ इरई इथे बर्फाने खडकावर ओढलेले ओरखडे सापडले आहेत.

मुलांनो, आपल्या भागाचं नशीब बर्फाने नव्हे, पावसाने लिहिलं. हजारो वर्षांत झालेल्या ५-६ अंशांच्या फरकाने मान्सून एवढा हलला. आता काही दशकांतच तापमान एका अंशाहून जास्त वाढलं आहे. म्हणून नदीतली वाळू आणि गाळ उपसताना जुनं, दगडासारखं जड हाड दिसलं तर उचलू नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. आपल्या पावसाचा तो जुना दाखला आहे.