जागचे न हलता परप्रांती

आपले पूर्वज शिंदे-होळकरांच्या मागोमाग माळव्यात आले. पांढुर्णा-सौंसरची मराठी मंडळी मात्र कुठून आलीच नाहीत. १९५६ साली नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि ही मध्यप्रदेशात राहिली. कचेरीत हिंदी, ओट्यावर नागपुरी वळणाची मराठी! २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, तरी मुलांना मराठी वाचता येईल का, ही काळजी आहेच. संत्र्याच्या बागांतून सवड झाली की जामसावळीच्या निजलेल्या मारुतीचे दर्शन. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र जाम नदीच्या दोन्ही तीरांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर ठाकतात. मध्ये पात्रात रोवलेला पळस, त्यावर निशाण, आणि गोट्यांचा वर्षाव! निशाण अखेर चंडीमातेच्या देवळात जाते. या गोटमारीत माणसे दगावलीही आहेत. सरकारने रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी गोटेच उचलले.