अजिंक्य, अवध्य आणि अनब्रेकेबल

डोंबिवली स्टेशनबाहेरच्या दुकानांत 'प्रूफ' जागोजागी भेटतो: वॉटरप्रूफ, शॉकप्रूफ, फायरप्रूफ. शेजारी 'अनब्रेकेबल' डबेही असतात. इजा होऊच शकत नाही, असे सांगणारी ही इंग्रजी विशेषणे आपण सरसकट वापरतो. प्रत्यक्षात प्रत्येकाचे वचन वेगळे आहे.

'इन्व्हल्नरेबल'च्या मुळाशी लॅटिनमधला 'वुल्नुस' म्हणजे जखम हा शब्द आहे; ज्याला जखमच होत नाही, तो इन्व्हल्नरेबल. 'इन्व्हिन्सिबल'च्या मुळाशी जिंकणे आहे. असा योद्धा जखमी होईल, पण हरणार नाही. आपला 'अजिंक्य' नेमका हाच. 'इम्प्रेग्नेबल' मुख्यतः बळाने घेता न येणाऱ्या किल्ल्याचे विशेषण. 'प्रूफ'चे वचन सर्वांत लहान: आधी ज्याचे नाव जोडले, त्याच्यापुरतेच. वॉटरप्रूफ छत्री आगीत जळतेच.

विशेषण म्हणजे वस्तुस्थिती नव्हे, हे आपल्या किल्ल्यांनी दाखवले आहे. ठाणे मराठ्यांनी 1737 मध्ये पोर्तुगीजांकडून घेतले आणि तिथला किल्ला 1774 मध्ये इंग्रजांनी मराठ्यांकडून. साताऱ्याचा किल्ला 1700 मध्ये औरंगजेबाच्या हाती पडला. 'अजिंक्यतारा' हे नाव त्यानंतरचे!

या कुटुंबात वेगळे उठून दिसते ते 'इन्व्हायोलेबल'. 'इजा करता येत नाही' यापेक्षा 'करता कामा नये' हा भाव त्यात प्रबळ आहे. आपल्या 'अवध्य' शब्दात हे दोन्ही अर्थ नांदतात. हिरण्यकशिपूने वर मागून स्वतःला अवध्य करून घेतले, तो पहिला अर्थ. रावणाच्या दरबारात हनुमान अवध्य ठरला, तो दुसरा. दूताला मारू नये, असे बिभीषणाने बजावले. पहिल्याचे कवच स्वतःच्या अंगावर असते, दुसऱ्याचे समोरच्याच्या विवेकात.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. 26 मे 2016 रोजी डोंबिवली एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, माणसे दगावली आणि आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. 23 मे 2024 रोजी पुन्हा तेच. म्हणून 'प्रूफ' दिसले की विचारावे: कशापासून, किती आणि किती काळ? वस्तीला ब्लास्टप्रूफ करता येत नाही. तिथल्या माणसांचा जीव इन्व्हायोलेबल मानणे मात्र आपल्या हाती आहे, आणि ते विशेषण कुठल्याही दुकानात मिळत नाही.