‘झोपू द्या, उतरेल!’

व्याख्यानमालेच्या मंचावरून दारूविषयी बोलायचे म्हणजे दारूबंदीचा उपदेश करायचा, अशी एक समजूत आहे. आज आम्ही तो करणार नाही. पिऊ नये हे आमचेही मत आहे. पण 31 डिसेंबरच्या रात्री कल्याण-शीळ रस्त्यावरच्या ढाब्यांवर जी मुले बसतात, ती आमचे मत विचारून बसत नाहीत, आणि ती आपल्याच डोंबिवलीतल्या घरांतली आहेत. ती सकाळी धडधाकट उठावीत, एवढ्याच काळजीपोटी हे चार शब्द.

आमच्या ओळखीच्या एका घरी असाच एक मुलगा मित्रांनी मध्यरात्री आणून खाटेवर टाकला. ‘झोपू द्या, उतरेल,’ असे आईच्या कानात सांगून ते पाय न वाजवता जिना उतरले. वडिलांना कळू नये म्हणून आईने खोलीचे दार लोटून घेतले. पहाटे पाण्यासाठी उठलेल्या आजीला घरघर ऐकू आली, म्हणूनच तो वाचला. ओकारी घशात अडकली होती आणि ओठ निळे पडले होते.

मित्रांच्या त्या तीन शब्दांत दोन चुका आहेत. पहिली ही की, त्या घडीला दारू उतरत नसते, चढत असते. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम मद्यार्क जाळते. तीस मिलिलिटरच्या एका पेगात तो सुमारे दहा ग्रॅम असतो. म्हणजे ढोबळमानाने तासाला एक पेग. घाईने चार-पाच रिचवले, तर उरलेले पोटात वाट पाहत राहतात आणि माणूस झोपल्यावरही रक्तात उतरत राहतात. लिंबू, काळी कॉफी, नळाखाली धरलेले डोके यांपैकी कशानेही यकृताचा वेग वाढत नाही. आणि ‘बियरच तर आहे’ म्हणणाऱ्यांनीही हिशेब करावा: आठ टक्के मद्यार्काच्या स्ट्राँग बियरची 650 मिलिलिटरची एक बाटली म्हणजे तसे चार पेग होतात.

दुसरी चूक अशी की, ती झोप नव्हेच. जाग्या माणसाच्या घशात काही गेले तर ठसका लागतो; बेशुद्धीत तो लागेलच असे नाही. म्हणून अशा माणसाला उताणा टाकू नये. कुशीवर वळवावे, वरचा गुडघा दुमडून पुढे टेकवावा, तोंड किंचित खाली ठेवावे आणि कोणीतरी शेजारी बसावे. घड्याळ लावून श्वास मोजावेत. मिनिटाला आठांहून कमी भरले, दोन श्वासांत दहा सेकंदांचे अंतर पडू लागले, अंग गार पडले किंवा चिमटा काढूनही तो जागा होईना, तर 108ला फोन करावा. बोटे घालून ओकारी काढू नये. डॉक्टरांना काय आणि किती घेतले ते खरे सांगावे. ते उपचारासाठी विचारतात.

मग मित्र पळतात का? भीती आणि लाज यांमुळे. 1949च्या दारूबंदी कायद्याने आपल्याकडे परवान्याची पद्धत आणली. बंदी पुढे सैल झाली, पण दार लावून घाईघाईने पिण्याची आणि झाले ते झाकण्याची सवय अनेक घरांत टिकली. या झाकण्याची किंमत मालवणीने 2015च्या जूनमध्ये मोजली. स्वस्त दारूत मिथेनॉल होते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, पण सावकाश. आधी नेहमीची नशाच वाटते, आणि बारा-चोवीस तासांनी पोट दुखू लागते, डोळ्यांपुढे धुके येते. शंभरांहून अधिक माणसे गेली. सकाळी अंधुक दिसू लागले तर ते ‘रात्रीचे उरलेले’ समजून लिंबूपाणी पाजत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. वेळेवर गेल्यास उपचार आहेत.

होळीच्या भांगेचेही ओझरते सांगतो. 1985च्या अमली पदार्थ कायद्याच्या व्याख्येत गांजा आणि चरस येतात, नुसती पाने येत नाहीत. त्यावरून भांग निरुपद्रवी, असा निष्कर्ष आमच्या काही मित्रांनी काढला आहे. पोटातून गेलेली भांग चढायला तास-दीड तास, कधी अधिकही लागतो. ‘काहीच झाले नाही’ म्हणून घेतलेला दुसरा पेला पहिल्याच्या गाठीला येऊन बसतो, मग छाती धडधडते, भलतीच भीती वाटते. त्यावर दारू तर मुळीच नको.

उरला परतीचा रस्ता. गाडी चालवणाऱ्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सापडला, तर 2019पासून पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून पुष्कळजण शेवटची लोकल धरतात. हे शहाणपणाचेच आहे; पण वाऱ्यासाठी दारात उभे राहण्याची आपल्या लाइनची हौस त्या रात्री जिवावर बेतते. झोपलेला निदान कसाऱ्याला जागा होतो. मित्रांनी त्याला आत, खिडकीशी बसवावे, डोंबिवलीला हात धरून उतरवावे आणि थेट घरात नेऊन किती घेतली ते वडिलांनाच सांगावे. वडील रागावतील. त्यांनी रात्रभर उशाशी बसावे आणि रागवायचे ते सकाळी रागवावे.