पाणी घातलं की द्रावण आत शिरतं

‘द स्टीअरेज’ हे आल्फ्रेड स्टीग्लिट्झचं १९०७ सालचं छायाचित्र. जहाजाच्या वरच्या डेकवरून वाकून बघणारी माणसं आणि खाली दाटीवाटीनं बसलेले गरीब प्रवासी. १९११मध्ये त्यानं ते आपल्या ‘कॅमेरा वर्क’ या त्रैमासिकात छापलं. त्या पानावर भिंग धरा. एरवी छापील फोटोत दिसतात तसे ओळीनं मांडलेले ठिपके तिथं सापडत नाहीत. काळा रंग करडा होत होत पांढऱ्यात विरतो. कारण ही शाई तांब्याच्या पत्र्यातल्या खाचांमधून कागदावर आली आहे. खाच खोल असेल तिथं शाईचा थर जाड, म्हणून काळा. उथळ असेल तिथं पातळ, म्हणून करडा. या चित्रातल्या काळोखाला खरोखरीची जाडी आहे!

पद्धतीचं नाव फोटोग्रॅव्ह्यूर. इंग्लंडमध्ये फॉक्स टॅल्बटनं १८५२मध्ये तिच्या आद्य रूपाचं पेटंट घेतलं, आणि १८७९मध्ये व्हिएन्नात कारेल क्लीच या चेक चित्रकारानं ती खऱ्या अर्थानं हाताशी आणली.

घासून लख्ख केलेल्या पत्र्यावर आधी राळेची बारीक पूड बसू देतात आणि ती तापवून चिकटवतात. म्हणजे पुढे शाई धरून ठेवायला खरखरीत कण मिळतात. दुसरीकडे जिलेटिनचा थर दिलेला कागद पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये बुडवून, वाळवून, चित्राच्या पारदर्शक पॉझिटिव्हखाली उजेडात ठेवतात. जिथं उजेड पोचतो तिथं जिलेटिन कडक होतं. मग हा कागद पत्र्यावर चिकटवून कोमट पाण्यात धरला, की कागद सुटून येतो, मऊ राहिलेलं जिलेटिन वाहून जातं आणि पत्र्यावर एक उंचसखल पापुद्रा उरतो: आकाशाच्या जागी जाड, सावलीच्या जागी जेमतेम.

आता फेरिक क्लोराइड, म्हणजे तांबं खाणारं द्रावण. आपली समजूत अशी, की द्रावण जितकं तीव्र तितकं ते जास्त खाणार. इथं उलटंच! दाट द्रावणात पाणी कमी, त्यामुळे ते फक्त सर्वांत पातळ पापुद्र्यातून, म्हणजे सावल्यांच्या जागी, आत शिरतं. त्यात पाणी वाढवलं की जिलेटिन फुगतं आणि जाड थरांतूनही वाट मोकळी होते. म्हणून कारागीर पत्रा एकामागून एक अधिकाधिक पातळ द्रावणांत हलवत जातो. सावल्या पहिल्यापासून झिजत राहतात, आकाशाची पाळी अगदी शेवटी येते. कुठं थांबायचं, हे नजरेनं ठरवायचं. मला विचाराल तर कॅमेऱ्याइतकीच कला या कुंडीपाशी आहे.

पुढचं काम जुन्या एचिंगचंच. शाई चोपडायची, जाळीदार कापडानं आणि मग तळहातानं पुसायची, ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांच्या प्रेसमधून काढायचा. प्रत्येक प्रतीसाठी हे सगळं पहिल्यापासून.

ब्रसेल्सच्या एका प्रदर्शनासाठी पाठवलेले मूळ फोटो वेळेत पोचले नाहीत, तेव्हा तिथं ‘कॅमेरा वर्क’मधली ग्रॅव्ह्यूर लावण्यात आली. बहुतेकांना ते मूळ फोटोच वाटले. स्टीग्लिट्झला याचं नवल वाटलं नसावं. चांगल्या ग्रॅव्ह्यूरला तो मूळ कृतीच मानत असे.

क्लीच मात्र पत्र्यावर थांबला नाही. इंग्लंडमधल्या लँकॅस्टरला जाऊन त्यानं हीच खोदाई रुळावर आणली. त्या रोटोग्रॅव्ह्यूरचे वंशज आज आपल्याकडे वेफर्सची चकचकीत पाकिटं छापतात.