गंजलेली मोटार : दुरुस्ती कुठवर करावी?

धाराशिव : पंधरा वर्षे वापरलेल्या मोटारीच्या दाराखाली रंगाचा फुगवटा दिसू लागला की मालकासमोर एकच प्रश्न उभा राहतो, पत्रा मारून घ्यावा की गाडी भंगारात काढावी? जिल्ह्यात हा प्रश्न सध्या अनेकांना पडला आहे आणि त्याला एक कारण आहे. २०१० साली मुंबई, पुणे आणि शेजारच्या सोलापूरसह काही शहरांत भारत स्टेज ४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले व तेथे मारुती ८०० ची विक्री थांबली. धाराशिवसारख्या जिल्ह्यांत मात्र २०१४ च्या जानेवारीत उत्पादन बंद होईपर्यंत ही गाडी मिळत राहिली. त्या काळात घेतलेल्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी आता एकेक करून संपत आहे.

येथे पहिला गैरसमज दूर करायला हवा. पंधरा वर्षे झाली म्हणून खासगी मोटार आपोआप भंगारात जात नाही. डिझेलला दहा व पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घालणारे आदेश दिल्ली व तिच्या परिसरापुरते होते. महाराष्ट्रात आरटीओकडून तपासणी करून घेतली व गाडी योग्य ठरली, तर नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. त्यासाठी मुदत संपण्यापूर्वी ६० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले, तर वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी २०२५ मध्ये ते १० हजार करण्यात आले. उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये जादा द्यावे लागतात. राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

कागदोपत्री गाडी चालू ठेवता येते म्हणजे ती ठेवण्याजोगी आहेच असे नव्हे. निर्णय खरा पत्र्यावर अवलंबून असतो. इंजिन उघडता येते, क्लच बदलता येतो, रेडिएटर नवा बसवता येतो. परंतु मारुती ८०० सारख्या छोट्या मोटारींना जीपसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडा हाच त्यांचा कणा. त्यामुळे दाराच्या खालच्या भागाला किंवा मडगार्डच्या कडेला लागलेला गंज आणि शॉकअॅब्सॉर्बर जेथे बसतो त्या जागेला, दाराखालच्या पोकळ पट्टीला, सीटबेल्टच्या बोल्टजवळ लागलेला गंज यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिला केवळ दिसायला वाईट असतो. दुसऱ्यामुळे अपघाताच्या वेळी गाडी चुरगळते.

कोकणात खाऱ्या वाऱ्यामुळे गाड्या लवकर सडतात हे सर्वांना ठाऊक आहे. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत गंज कमी लागतो हेही खरे. पण येथे तो आतून येतो. दारांच्या तळाला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती धुळीने बुजतात, पावसाळ्यात त्या धुळीचा चिखल होतो आणि पत्रा दिवसेंदिवस ओला राहतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने गाडी धुण्याची सवय त्यात भर घालते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, म्हणून रंग फुगतो. बाहेर फुगवटा दिसतो तेव्हा आतला पत्रा बहुधा चाळणी झालेला असतो.

यासाठी गाडी वर उचलून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकून पाहावा. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला अथवा टोक आत गेले तर तेथे लोखंड उरलेले नाही. ब्रेकच्या नळ्या व पेट्रोलची टाकीही याच वेळी तपासावी. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते पाणी शोषून घेते. जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग व गास्केट त्यामुळे बदलावे लागू शकतात. उसाच्या जिल्ह्यात इथेनॉलविषयी तक्रार करणे अवघड, तरी नळीची किंमत मालकालाच द्यावी लागते!

लांबी भरून वर रंग मारणे ही दुरुस्ती नव्हे. सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा लागतो. लांबीखाली ओल तशीच राहते व एकदोन पावसाळ्यांत डाग पुन्हा वर येतो. पेंटरने दुरुस्तीचा खर्च फारच कमी सांगितला, तर तो लांबीचाच आहे असे समजायला हरकत नाही.

हिशेब करताना बहुतेकांची चूक एकाच ठिकाणी होते. चाळीस हजारांच्या गाडीवर तीस हजार खर्च कशाला, असे विचारले जाते. गाडीची बाजारातील किंमत येथे गौण आहे. समजा तीस हजार खर्चून गाडी तीन वर्षे चालणार असेल, तर वर्षाला दहा हजार पडतात. चार लाखांच्या कर्जाचा १० टक्के व्याजाने पाच वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे साडेआठ हजार, म्हणजे वर्षाला लाखभर होतो. या हिशेबाने जुनी गाडीच स्वस्त ठरते. मात्र तीन वर्षे हा आकडा गंज कोठे लागला आहे यावरून ठरतो, मालकाच्या इच्छेवरून नाही. गेल्या वर्षी गिअरबॉक्सवर घातलेले पैसे तर या हिशेबात धरूच नयेत, ते गेले. गंजाचा खर्च विम्यातूनही मिळत नाही.

सांगाडा सडला असेल तर मात्र इंजिन कितीही उत्तम असो, गाडी थांबवावी. ती नोंदणीकृत भंगार केंद्रात दिल्यास ठेव प्रमाणपत्र मिळते. त्यावर नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते, तसेच केंद्राच्या नियमांनुसार खासगी वाहनाला २५ टक्क्यांपर्यंत करसवलत देण्याची राज्यांना मुभा आहे. गावातील भंगारवाल्याकडून रोख पैसे चटकन मिळतात. परंतु नोंदणी मालकाच्याच नावावर राहते व तो चासी क्रमांक दुसऱ्या गाडीवर वापरला गेल्यास पोलीस त्याच्याच दारी येतात. गाडी कायमची निकामी झाल्यास १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसी बुक जमा करावे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते.