विश्लेषण : थ्रीडी नकाशात इमारती वितळतात, हवेत तरंगतात… असे का होते?

मोबाइलवर थ्रीडी नकाशा उघडून ओळखीच्या चौकावर झूम करावे आणि समोर मेणासारखी वितळलेली इमारत दिसावी, हा अनुभव अनेकांचा. कधी जमिनीला भेगा पडतात, कधी भिंती थरथरतात, तर कधी अख्खी वस्ती हवेत तरंगते. दर वेळी दोष इंटरनेटचाच असतो का?

नकाशा तुकड्यांत का येतो?

शहराचे संपूर्ण थ्रीडी मॉडेल मोबाइलच्या मेमरीत एका वेळी मावत नाही. म्हणून ते ‘टाइल्स’मध्ये कापून पाठवले जाते. गुगलने मे २०२३ मध्ये इतर ॲपसाठी खुल्या केलेल्या ‘फोटोरिअलिस्टिक थ्रीडी टाइल्स’ याच पद्धतीच्या. आधी ढोबळ टाइल येते. जवळ गेल्यावर तिची जागा बारीक तपशिलाच्या टाइल्स घेतात.

इमारत वितळलेली का दिसते?

नेटवर्क मंद असेल किंवा मेमरी भरली असेल, तर ढोबळ टाइलच पडद्यावर राहते. थांबूनही चित्र सुधारले नाही, तर कारण मूळ छायाचित्रांत असू शकते. ही मॉडेल्स वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली हवाई छायाचित्रे जुळवून बनतात. काचेच्या भिंती, झाडे आणि धावती वाहने ही जुळणी बिघडवतात.

भेगा आणि थरथर कशामुळे?

शेजारच्या दोन टाइल्सचा तपशील कमी-जास्त असला, की कडा जुळत नाहीत आणि फट दिसते. ती झाकण्यासाठी टाइलच्या कडेला खाली झालर जोडतात. थरथरीचे कारण गणिती आहे. ग्राफिक्स चिप सहसा ३२ बिटांचे आकडे वापरते. त्यांत साधारण सातच अंक अचूक राहतात. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६३ लाख ७८ हजार मीटर. केंद्रापासून मोजल्यास अर्ध्या मीटरपर्यंतचा तपशील हरवतो आणि कॅमेरा हलताच भिंत डगमगते. उपाय म्हणून अंतर कॅमेऱ्यापासून मोजतात.

वस्ती तरंगते का?

इथे अनेकदा उंचीचा घोळ असतो. जीपीएस गणिती लंबगोलापासून उंची मोजते, तर आपल्या सर्वेक्षणात ती समुद्रसपाटीपासून असते. मुंबई-पुणे परिसरात या दोन पातळ्यांत सुमारे ६० ते ७० मीटरचे अंतर आहे. एक उंची दुसरी समजून भरली, की इमारत वीसेक मजले वर तरंगते किंवा तितकीच जमिनीत गडप होते.

दोष कुठे, हे कसे ओळखावे?

तीच जागा दुसऱ्या मोबाइलवर, दुसऱ्या नेटवर्कवर पाहावी. तिथेही तोच दोष असेल, तर बहुधा चूक माहितीत आहे. ॲप पुन्हा टाकून उपयोग नाही. दोष एकाच यंत्रावर असेल, तर कॅशे साफ करावी आणि ॲप अपडेट करावे. संगणकावर ब्राउझरचे ‘हार्डवेअर ॲक्सिलरेशन’ सुरू आहे का, तेही तपासावे.

याने फरक काय पडतो?

फिरण्यासाठी नकाशा पाहणाऱ्याला फारसा नाही. पण पुनर्विकासातील टॉवरची सावली कुठवर पडेल, पुराचे पाणी कोणत्या मजल्यापर्यंत येईल, हे आता थ्रीडी मॉडेलवरून दाखवले जाते. चित्र थरथरले तर शंका तरी येते. उंची चुकलेले मॉडेल मात्र स्वच्छ, स्थिर आणि खरे वाटते. म्हणून सादरीकरणात दोन प्रश्न विचारायलाच हवेत : छायाचित्रे कधीची आणि उंची कुठून मोजली?