तिकिटाच्या पिशवीतली वही

पहाटे ४.४०
चहा उकळेपर्यंत कालचं पान वाचतो. ‘आयर्विन पुलाजवळ २६ फूट. कोयना गढूळ. आष्ट्याच्या आजी छत्री विसरल्या, कंट्रोलरकडे ठेवली.’ तीन ओळी. एसटीत वाहक म्हणून लागलो त्या वर्षापासून, २००८ पासून, रोज एवढंच लिहीत आलोय.

६.००
सांगली स्टँड. मशीन, वेबिल, सुट्टे पैसे घेतले; डबल बेल दिली. साताऱ्याची गाडी. सांगलीवाडी मागे पडेपर्यंत कॉलेजची पोरं, दूध पोचवून परतणारे, अर्ध्या तिकिटात माहेरी निघालेल्या बायका. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट शून्याचं. आधार कार्ड मात्र ते अजून जपून दाखवतात.

७.१५
पेठ नाका. ड्रायव्हर मामा चहा घेताना म्हणाले, “मास्तर, वेबिल लिहून हात दुखत न्हाई व्हय? वरनं ही वही. वाचणार कोण ती?”
मी हसलो फक्त. पण प्रश्न खोटा नाही. मलाही तो पुष्कळदा पडलाय.

८.०५
कऱ्हाड स्टँडवर दहा मिनिटं. इथून प्रीतिसंगम जवळ, यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच. जन्म देवराष्ट्र्याचा; गाव आज सांगली जिल्ह्यात, तेव्हा साताऱ्यात. १९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध पेटलं तेव्हा ते संरक्षणमंत्री होते आणि त्या दिवसांत त्यांनी रोजनिशी लिहिली. १९८४ साली ते गेले. ती रोजनिशी पुस्तकातून लोकांसमोर आली २००७ मध्ये, त्यांचे तेव्हाचे सचिव राम प्रधान यांच्या हातून. देशाचं ओझं डोक्यावर असताना त्या माणसाने दिवसअखेर लेखणी उचलली, ती वाचकासाठी असेल असं मला वाटत नाही. आठवण रात्रीतून आपल्या सोयीची होते. लिहिलेलं तसंच राहतं, मग दुसऱ्या दिवशी निर्णय घेताना ते उपयोगी पडतं.

गाडी वारुंजीजवळ कोयनेच्या पुलावर आली. खिडकीतून बघून लिहिलं : ‘पाणी तांबूस. काठची झुडपं अर्धी बुडाली.’ वर १०५ टीएमसीचं धरण आहे. तिथून सोडलेलं पाणी इथे कृष्णेला मिळतं आणि मग आमच्याकडे येतं.

९.२०
सातारा. अर्धा तास. भाकरी खाल्ली, परतीचं वेबिल.

दुपारी २.००
सांगली. कॅश भरली, मशीन जमा केलं. पुलाजवळ जाऊन पाण्याची पट्टी पाहिली : २९ फूट.

रात्री ९.००
घर कर्नाळ रस्त्याला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा वह्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या. पाणी ओसरल्यावर आईने एकेक वही उसवून पानं दोरीवर वाळत घातली, कपड्यांसारखी चिमटे लावून. शाईपेनाने लिहिलेली वर्षं निळ्या डागांत गेली. बॉलपेनाची वाचता येत होती. त्यात एक ओळ होती : ‘६ ऑगस्ट. कोपऱ्यावरच्या वडाला पाणी लागलं संध्याकाळी ५. आमच्या पायरीला रात्री ११.’

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढू लागलं. शेजारी म्हणत होते, अजून दोन दिवस तरी काही होत नाही. वडाला पाणी लागलं तेव्हा मी ते पान काढलं. सहा तास. तेवढ्यात आई, तिचं शिलाई मशीन, सिलिंडर आणि वह्या, सगळं मिरजेला बहिणीकडे नेलं. शेजारच्या दोन घरांनाही तास सांगितले. त्या रात्री पाणी आमच्या घरात शिरलं. घरात माणूस नव्हतं. यंदा ड्रायव्हर मामांना हे पान दाखवीन म्हणतो. त्यांचं घरही नदीकाठीच आहे.

आता आजच्या तीन ओळी. कोयना, पट्टी, आणि वाटेतल्या एका थांब्यावर लेकीला परीक्षेला घेऊन निघालेला बाप. तिचे पेन स्वतःच्या खिशात सांभाळत उभा होता.

आई आतून विचारते, “वडाला लागलं न्हाई न्हवं पाणी?”
“नाही गं.”
“मग तेही लिही.”